कॅमेऱ्याला एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? दुकानदार मागं लागलाय

गोलपोस्टमागं

रामराम मंडळी. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे, राहायला मंगळवार पेठेत. सीझन सुरू झाला की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीच्या फुटबॉल मॅचचे फोटो काढतो. आजवर मित्राच्या कॅमेऱ्यावर भागवलं. त्याचं लग्न झालं, तो पुण्याला गेला आणि कॅमेराही गेला. म्हणून आता स्वतःचा घेतोय. कॅनन आर१०, सोबत १८-१५० ची लेन्स. लांबचं टिपायला १००-४०० ची लेन्स पुढच्या वर्षी, बोनस झाला तर.

काल राजारामपुरीत एका दुकानात दर ठरला, लाखाच्या थोडा वर. बिल करायच्या टायमाला काउंटरवरच्या पोरानं लॅमिनेशन केलेला कागद पुढं सरकवला. कंपनीची वॉरंटी संपल्यावर आणखी दोन वर्षं, ७,२०० रुपये. ‘डॅमेज प्रोटेक्शन’ वेगळं, एका वर्षाचं ४,९००. दोन्ही मिळून १०,९९९. वर म्हणतोय, “साहेब, मदरबोर्ड गेला तर चाळीस हजाराचा खड्डा. दिवसाला पंधरा रुपये पडतात, चहा एवढा येतो.” मी उद्या सांगतो म्हणून निघालो.

मला भीती मदरबोर्डची नाही. मी गोलच्या मागं लाईनीला बसतो. धूळ असते, कधी वळीव येतो, आणि बॉल तर अंगावर येतोच. मागच्या सीझनला एक शॉट गोलच्या आडव्या बारवरनं थेट माझ्या कॅपवर आला होता. ज्यांनी घेतली असेल त्यांनी सांगा, उपयोग होतो का पैसे पाण्यात?

पेठेतला पाव्हणा

भावा, नको घेऊ. विषय संपला.

त्या पैशात जादा बॅटरी येतीया, चांगलं कार्ड येतंय आणि उरलेल्यात मॅचनंतर पोरास्नी मिसळ. मी टीव्हीला घेतली हुती. वॉरंटी हुती तवर टीव्हीला काय झालं न्हाई, संपल्यावर बी काय झालं न्हाई. टीव्ही अजून चालतोय, पैसे तेवढे गेले.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ बघतोस का न्हाई? बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला. त्यास्नी कुणी ७,२०० चा कागद दिला हुता?

आणि तालीम कुठली ते आधी सांग, मग पुढचं बोलू.

शाहूपुरीतली ताई

पाव्हण्यांचं उत्तर गोड आहे, पण टीव्ही भिंतीवर असतो आणि हा कॅमेरा गोलच्या मागं बसणार आहे, तेव्हा दोन्हीचा हिशोब एक नाही.

मी बरीच वर्षं जनरल इन्शुरन्समध्ये क्लेम बघितले, त्यावरून सांगते. दुकानदारानं तुम्हाला दोन वेगळ्या वस्तू एका कागदावर विकायला काढल्यात. पहिली म्हणजे कंपनीच्या वॉरंटीचंच शेपूट. वस्तूत मुळात दोष असेल आणि तो उशिरा बाहेर पडला तरच ती कामाची. पडला, भिजला, चोरीला गेला, पुरात गेला, यातलं काहीच तिच्यात बसत नाही. दुसरी म्हणजे डॅमेजची. तिच्यात पडणं आणि पाणी येतं, पण चोरी बहुधा नसते. दोन्हीच्या कागदावर खाली कुणाचं नाव आहे ते बघा. कॅमेरा कंपनीचं आहे, दुकानाचं आहे की तिसऱ्याच कुणाचं? उद्या अडचण आली तर फोन त्या तिसऱ्याला करायचा आहे. दुकानातला पोरगा तोवर दुसऱ्या दुकानात असेल.

चोरी, अपघात, आग आणि पूर हे सगळं एकत्र हवं असेल तर जनरल विमा कंपन्यांकडं ‘ऑल रिस्क’ पॉलिसी असते, किंवा घराच्या पॉलिसीत नेण्या-आणण्याच्या वस्तूंचा भाग जोडता येतो. तिलाही अटी आहेतच. गाडीत बघायला कुणी नसताना ठेवलेली बॅग गेली तर बहुतेक ठिकाणी नाही म्हणतात. पण निदान काय मिळणार, काय नाही हे आधी वाचायला मिळतं.

पुराचं मुद्दाम लिहिलं. आम्ही कुंभार गल्लीजवळ राहतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. २०१९ ला आणि परत २०२१ ला लोक वॉरंटी कार्डं घेऊन फिरताना बघितलेत. फ्रिजचं कार्ड, मिक्सरचं कार्ड. कशाचा काही उपयोग झाला नाही. विमा होता त्यांना कमी-जास्त का होईना, मिळालं.

लेन्सवाले काका

थोडं सविस्तर लिहितो. लक्ष्मीपुरीत माझं कॅमेरा दुरुस्तीचं टेबल होतं, आता गुडघे बोलायला लागल्यापासून घरातच काम करतो. रोलच्या जमान्यापासून ह्या गावातले कॅमेरे उघडतोय. त्यामुळं वॉरंटी चांगली का वाईट ह्या वादात न पडता, ह्या गावात कॅमेरे कशानं मरतात तेवढं सांगतो.

चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की पुढचा पंधरवडा माझ्याकडं गुलाल येतो. कॅमेरा वरनं पुसून चकाचक करून आणतात, “काका, झूम जरा जड झालाय” म्हणून. झूम रिंगचं रबर सोललं की खाली गुलाबी चिखल. गुलाल बारीक असतो, रबराच्या फटीतनं आत जातो, आतल्या ग्रीसमध्ये कालवला जातो आणि मग रिंग फिरवली की कर्र वाजते. ते ग्रीस सगळं काढून, खाचा धुऊन, नवीन लावायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. पट्टणकोडोलीच्या यात्रेनंतर तेच, फक्त रंग पिवळा. आणि ज्यानं गर्दीत उभं राहून लेन्स बदललेली असते त्याचा तर सेन्सरच रंगपंचमी खेळून आलेला असतो. तुझ्या आर१० सारख्या मिररलेसमध्ये पुढं आरसा नाही, लेन्स काढली की सेन्सर थेट वाऱ्यावर.

पावसाळा संपला की बुरशी. जूनपासून गणपतीपर्यंत कॅमेरा बॅगेत, बॅग कपाटात. दसऱ्याला पूजेला काढतात तेव्हा फोटो दुधाळ येतात म्हणून लक्षात येतं. मागनं टॉर्च मारला की काचेवर कडेनं आत सरकणारे बारीक पांढरे तंतू दिसतात. लवकर आणली तर पुसून निघते. उशीर झाला तर बुरशी काचेवरचं कोटिंगच खाते, मग काच स्वच्छ केली तरी तिची नक्षी तशीच राहते. गगनबावड्याकडं, राधानगरीकडं राहणाऱ्यांच्या लेन्स मी हातात घेतल्या घेतल्या आधी टॉर्चच लावतो.

बाकी मग पडलेले कॅमेरे. ट्रायपॉडसकट आडवे झालेले, लग्नात कुणाच्या तरी पदरात पट्टा अडकून गेलेले. लेन्स बसते ती कडी, म्हणजे माउंट, वाकतो, एका बाजूला फोकस, दुसऱ्या बाजूला धूसर. चार्जिंगची वायर ओढून पोर्ट उखडलेले. बॅटरीचं झाकण तुटलेले. पावसात भिजल्यावर ‘चालू होतोय का बघू’ म्हणून बटण दाबून आतनं शॉर्ट केलेले.

ह्यातलं एकही एक्स्टेंडेड वॉरंटीत बसत नाही. धूळ नाही, बुरशी नाही, पाणी नाही, पडझड नाही. कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं.

नुसता कपाटात बसल्या बसल्या मदरबोर्ड गेलेला कॅमेरा माझ्याकडं क्वचित येतो. येतो तेव्हा एक तर नवा कोरा असतो, त्याला कंपनीची मूळ वॉरंटी चालू असते आणि मी त्याला स्क्रू ड्रायव्हर न लावता परत पाठवतो, कारण मी उघडला तर त्याची वॉरंटी जाईल. नाहीतर इतका म्हातारा असतो की असले दोन कागद जोडून घेतले असते तरी संपले असते. मधली वर्षं सगळ्यात शांत असतात. दुकानदार तुला नेमकी तीच शांत वर्षं विकतोय.

मोठा दोष कंपनीच्या हातनंच राहिला असेल तर बऱ्याचदा कंपनी स्वतःच पुढं येते, हेही ध्यानात ठेव. निकॉनच्या डी६०० ला सेन्सरवर ठिपके पडायचे. बोंब झाल्यावर २०१४ मध्ये कंपनीनं वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचेही शटर फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. त्यासाठी कुणाला जादा कागद लागला नाही.

आता तुझ्या कामाचं. तुझ्या बाबतीत एकच भाग मला खटकतो, शटर, म्हणजे दर फोटोला सेन्सरपुढं उघड-झाप करणारा पडदा. मॅचला बोट दाबून धरलं की किती निघतात? समज, मॅचला हजार-बाराशे. सीझनला पन्नास मॅच धर, साठ हजार झाले. शटर किती टिकेल ह्याचा अंदाज काही कंपन्या छापतात, निकॉनच्या डी७५० ला दीड लाख फोटो होता, हलक्या कॅमेऱ्यांना साधारण लाख धरतात. लाखाला गेलंच पाहिजे असं नाही, पण दोन-तीन सीझनमध्ये तू त्या आकड्याला भिडणार. म्हणजे त्या शांत वर्षांतही तुझं शटर जायची शक्यता आहे. पण नेमका तोच भाग ‘वापरानं होणारी झीज’ म्हणून वगळलेला असू शकतो. तेव्हा दुकानदाराला इतर काही विचारू नको, शटर धरलंय का तेवढं लेखी माग. इलेक्ट्रॉनिक शटरवर टाकलंस तर पडदा हलत नाही, झीज होत नाही, खरं आहे, पण जोरात मारलेला बॉल फोटोत चपटा येतो आणि धावणाऱ्याचा पाय तिरका. तुला ते चालणार नाही.

लेन्सचंही तसंच. लेन्सच्या आत पातळ पट्टीसारखी फ्लेक्स केबल असते, झूम मागं-पुढं केला की ती दर वेळी वाकते. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्समध्ये काही वर्षांनी वळणावर तिला केसाएवढी चीर जाते आणि स्क्रीनवर लेन्सशी संपर्क होत नाही म्हणून एरर येतो, कॅननवाल्यांना एरर ०१ म्हटलं की कळेल. चीर डोळ्याला दिसत नाही, भिंगाखाली वाकवून धरली तर दिसते. हे कागदात बसतं का? आधी लेन्स तरी बसते का ते बघ. कित्येक कागदांत फक्त बॉडी असते, लेन्स ‘ॲक्सेसरी’ म्हणून बाहेर.

हळद ते वरात

काका, मान्य. पण डॅमेजवाल्याला सरसकट नावं ठेवू नका.

मी कागलकडचा, लग्नाची कामं करतो. मागं एका हळदीत नवरदेवाच्या मावशीनं कळशी उपडी केली ती निम्मी माझ्या कॅमेऱ्यावर. बॅटरी लगेच काढली, चालू केला नाही. डॅमेज प्लॅन होता. त्याच दिवशी ऑनलाइन कळवलं, फोटो टाकले, कुरिअरनं न्यायला आले. तीन आठवडे लागले, वस्तू जुनी म्हणून थोडी रक्कम कापली, पण दुरुस्त होऊन आला. खिशातनं गेले असते त्याच्या मानानं प्लॅन स्वस्त पडला. ऐन सीझनचे तीन आठवडे भाड्याचा कॅमेरा वापरला, तो खर्च मात्र माझाच.

दोन वर्षांची वाढीव मी घेत नाही, दोन वर्षांत कॅमेरा विकून नवा घेतो.

गोलपोस्टमागं

काका, ताई, सगळ्यांचे आभार. आज परत दुकानात गेलो. अटींचा पूर्ण कागद मागितला. पोरगा म्हणाला, “बिल झाल्यावर ई-मेलवर येतो.” मी म्हटलं, मग बिलही ई-मेल आल्यावरच करू. तेव्हा मालकांनी आतनं काढून दिला.

बसून वाचला. बुरशी, धूळ, वाळू, ओल, पूर, कीड, सगळं बाहेर. शटर असा शब्द कुठंच नाही, पण ‘नैसर्गिक झीज होणारे भाग’ बाहेर आहेत. डॅमेजमध्ये फक्त बॉडी. एका वर्षात एकच क्लेम. ४८ तासांत कळवायचं. आणि एक ओळ आहे, ‘व्यावसायिक वापर असल्यास लागू नाही’. इथं जरा अडलोय. मंडळ मला मॅचमागं पाचशे देतं, पेट्रोल-पाण्याला. हा व्यवसाय झाला का?

पाव्हणं, तालीम सांगत नाही, इथं भांडणं नकोत.

शाहूपुरीतली ताई

पाचशेवर तुमचं घर चालत नाही हे मला पटेल, क्लेम बघणाऱ्याला पटेलच असं नाही. त्यानं तुमचं फेसबुक पेज उघडलं, फोटोवर तुमचा वॉटरमार्क आणि खाली मोबाईल नंबर दिसला, की त्याला नाही म्हणायला कारण मिळालं. विमा घेतलात तर हे पैसे मिळतात ते आधीच अर्जात लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण नंतर तोंड लपवायला नको.

आणखी एक, बिल नीट बघून घ्या. बॉडीचा आणि लेन्सचा, दोन्हीचे सिरीयल नंबर त्यावर हवेत. तुम्ही नको म्हणालात तरी प्लॅन ‘ऑफर’ म्हणून बिलात चिकटवलेला असतो, असं फार वेळा झालंय. तसं झालं तर तिथल्या तिथं काढायला लावा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ नंबर आहे. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे, कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

लेन्सवाले काका

शाब्बास, कागद आधी वाचलास. माझ्याकडं येणाऱ्यांतले बहुतेक कॅमेरा बंद पडल्यावर वाचतात.

डॅमेजमध्ये फक्त बॉडी असेल तर तुला त्याचा काय उपयोग? बॉल आधी कशावर बसणार, पुढं आलेल्या लेन्सवर. हळदवाल्यांचं खरं आहे, त्यांना पैसे मिळाले, पण त्यांचं पाणी वरनं बॉडीवर आलं आणि त्यांच्या कागदात धंद्याची आडकाठी नसणार. त्यांनी घेतलं ते बरोबरच केलं. तू ते ४,९०० देऊ नको.

लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं, हूड, लाव, आणि तो उलटा लावून मिरवू नको, सुलटा लाव. बॉल, कोपर, कठडा, सगळं आधी हूड खातो. हूड फुटलेला आणि लेन्स शाबूत, असे कितीतरी बघितलेत. वळवासाठी साधं रेनकव्हर घे. आर१० ला पाऊस सोसणारं सीलिंग नाही, चार थेंब पडले की प्लॅस्टिकची पिशवी तरी चढव. मैदानात लेन्स बदलू नको, १००-४०० घेशील तेव्हा पॅव्हेलियनकडं जाऊन, पाठ वाऱ्याकडं करून बदल. आणि कंपनीच्या वेबसाईटवर कॅमेरा नोंदवायचा त्याच रात्री नोंदव, दसऱ्याची वाट बघू नको.

विमा घ्यायचा तर ताई सांगतात तसा बॉडी आणि लेन्स दोन्हीचा, पाचशे रुपये कबूल करून. नाही जमला तर ते १०,९९९ पोस्टात टाकून ठेव. दोन सीझननं शटर गेलंच तर त्यातनं बऱ्यापैकी निघेल, नाही गेलं तर १००-४०० ला लागतील.

पेठेतला पाव्हणा

काका जगात भारी. मी एका ओळीत सांगितलं तेच तुम्ही वहीभर सांगितलं, पण आता मला बी पटलं.

गोलपोस्टमागं

घेतला! दोन्ही प्लॅनला नको म्हटलं. मालकांनी मग हूड आपणहून दिला, मेमरी कार्डावरही थोडे कमी केले. बिलात खरंच ९९९ ची कसली तरी ‘केअर’ लागली होती, ताईंमुळं दिसली, काढून घेतली. सोमवारी विम्याच्या ऑफिसला जातोय.

काका, एक शेवटचं. बुरशीसाठी ते इलेक्ट्रिकचं ड्राय कॅबिनेट लागतंच का? दहा हजाराच्या आसपास सांगतायत, परत तेवढाच खर्च.

लेन्सवाले काका

एका कॅमेऱ्याला नाही लागत. भांड्यांच्या दुकानातनं रबराची कड असलेला, घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आण. त्यात सिलिका जेल पाव किलो, कापडाच्या पुरचुंडीत बांधून, आणि एक छोटा आर्द्रतेचा काटा. काटा ४० ते ५० च्या मधे राहू दे. तीसच्या खाली नेऊ नको, रबर आणि ग्रीस सुकतं. चामड्याची किंवा कापडाची बॅग डब्यात घालू नको, ती स्वतःच ओल धरते.

जेल रंग बदलणारं घे. निळं असेल तर गुलाबी झालं की जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम कर, परत निळं होतं. तो तवा भाकरीला परत वापरायचा नाही, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. नारिंगीचं हिरवं होणारं मिळालं तर तेच घे, घरात लहान पोरं असतील तर बरं.

मॅचवरनं भिजून आलास तर तसाच डब्यात कोंडू नको. बॅटरी आणि कार्ड काढ, पुसून पंख्याखाली रात्रभर ठेव, मग डब्यात.